सालगड्याशी ठराव आणि कामाची रीत

विदर्भ-मराठवाड्यात गुढीपाडव्याला आणि खानदेशात अक्षय्य तृतीयेला शेतीच्या चाकरीचे जुने साल संपून नवे सुरू होण्याची रीत आहे. त्या वेळी सालगड्याशी, खानदेशात ज्यास सालदार म्हणतात त्याच्याशी, पुढील बारा महिन्यांचा ठराव होतो. हा ठराव बहुधा ओट्यावर बसून दोन-चार वाक्यांत उरकला जातो. बियाण्याच्या पिशवीची पावती मागून घेणारा शेतकरी वर्षभराच्या माणसाविषयी मात्र तोंडी बोलण्यावर विसंबतो. पुढे ऐन पेरणीत गडी काम सोडून जातो, उचलीचे पैसे अडकतात आणि दोन्ही घरांत वितुष्ट येते. अशा पुष्कळशा तंट्यांचे मूळ माणसाच्या स्वभावात नसते. पहिल्या दिवशी जे बोलावयाचे राहून गेले त्यात असते.

निवड कशी करावी

गडी अंगाने धट्टाकट्टा आहे एवढेच पाहून त्याला ठेवणे पुरेसे नाही. आपल्या शेतीत कोणते काम अधिक आहे, बैलांचे, ओलिताचे, की गुरांच्या देखभालीचे, हे शेतकऱ्याने आधी ठरवावे आणि ते काम जाणणारा माणूस शोधावा. त्याला एक-दोन दिवस रोजाने बोलावून प्रत्यक्ष काम पाहावे आणि त्या दिवसांची मजुरी चुकती करावी. जो गडी जू ठेवण्यापूर्वी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवून सूज पाहतो, किंवा पाणी देताना फुटलेला दांड न सांगता बांधतो, त्याची पारख तेवढ्यावरूनच होते. पूर्वीच्या मालकाकडे चौकशी करावी. पण ‘भांडखोर आहे’ एवढ्या शब्दावर निर्णय करू नये. भांडण कशावरून झाले, हेही विचारावे. हक्काची मजुरी मागितल्यामुळेही माणसाला भांडखोर म्हटले जाते.

ठरावात काय असावे

ठराव साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवून, त्याची एक प्रत गड्यास द्यावी. त्यात वर्षाची रक्कम, दरमहा मिळणारी रक्कम, धान्य द्यावयाचे असल्यास कोणते व किती, कामाचे तास, रात्रीच्या ओलिताची व्यवस्था, सुटीचे दिवस, आजारपणातील खाड्यांचा हिशेब आणि मध्येच काम सोडल्यास किंवा सोडविल्यास चुकारा कसा व्हावा, या गोष्टी स्पष्ट असाव्यात. ठरलेली मजुरी शासनाने शेतीकामासाठी ठरविलेल्या किमान वेतनाहून कमी नाही, याची खात्री करून घ्यावी. गड्याची पत्नीही शेतावर राबणार असेल, तर तिची मजुरी वेगळी ठरवून तिच्या हाती द्यावी. ‘जोडीने ठेवले’ म्हणून तिचे श्रम फुकटात धरणे अन्यायाचे आहे. समान कामास स्त्री-पुरुषांना समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने आले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे.

उचलीचा हिशेब

लग्नकार्य, दुखणे किंवा जुने देणे यांसाठी गडी उचल मागतो. उचल देणे गैर नाही. पण तिच्या बळावर माणसास बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापायी सक्तीने काम करून घेण्याची पद्धत रद्द केली आहे. म्हणून उचल माफक असावी, तिच्यावर व्याज लावू नये, आणि तिची फेड हप्त्यांनी व्हावी.

हिशेबाची रीत दाखविण्यापुरते एक उदाहरण घेऊ. वर्षाची रक्कम १,४४,००० रुपये ठरली, तर महिन्याचे १२,००० रुपये होतात. उचल ३६,००० रुपये असल्यास दरमहा ३,००० रुपये वळते करून ९,००० रुपये हाती द्यावेत. सहा महिन्यांनी १८,००० रुपये फिटलेले असतात आणि तितकेच उरतात, हे दोघांनाही कळते. हजेरी, खाडे व दिलेले पैसे एकाच वहीत मांडून महिन्याच्या ठराविक तारखेला ती गड्यास वाचून दाखवावी.

काम सांगण्याची रीत

काम सकाळी एकदाच, नेमके आणि कारणासह सांगावे. ‘तिकडचे कोळपून घे’ असे म्हणण्याऐवजी किती ओळी, किती खोल व का, हे सांगितल्यास काम बिघडत नाही. घरातील एकानेच आज्ञा द्यावी. वडील एक आणि मुलगा दुसरे सांगू लागले, की दोष गड्याच्या माथी येतो. चूक झाल्यास ती चारचौघांत न काढता बांधावर बाजूस घेऊन दाखवावी. चांगले काम मात्र सर्वांसमक्ष वाखाणावे. पोळ्याला बैलांच्या खांद्यावरचे जू उतरते, त्या दिवशी गड्यालाही विश्रांती व मान मिळावा.

फवारणीची जबाबदारी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचे प्राण गेले. डोक्याइतक्या वाढलेल्या पिकात फवारा थेट तोंडावर व अंगावर येतो, हे ध्यानात ठेवावे. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे मालकाने पुरवावेत. उपाशीपोटी व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करवू नये. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू देऊ नये. डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग अतिशय तीव्र विषाचा आहे. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा असा क्रम लागतो. काम संपताच साबणाने अंघोळीची सोय असावी. गरगरणे, मळमळणे किंवा अंधुक दिसणे सुरू होताच काम थांबवून, औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन, रुग्णास तात्काळ दवाखान्यात न्यावे. अठरा वर्षांखालील मुलास हे काम कदापि देऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाडव्यापूर्वीच ठरावाचा एक सोपा नमुना गावात वाचून दाखवावा आणि चालू किमान वेतनाचा दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची व्यवस्था करावी. शेतकरी आणि गडी दोघेही समोर असतानाच ही माहिती द्यावी. एकालाच सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला संशयाची वाटते.

वही स्वच्छ, बोलणे स्पष्ट आणि चुकारा वेळेवर असेल, त्या घरी पुढल्या सालीही तोच गडी राहण्याचा संभव अधिक असतो. शेताचा उतार, विहिरीचे पाणी आणि बैलांची खोड जाणणारा माणूस टिकला, तर त्याचा लाभ शेताला दरसाल मिळत राहतो.