ओढलेल्या मोटारीच्या पोटातील तेल

चाकांवर घर बांधून आपला देश पाहात हिंडावे, ही हौस अमेरिकेत जुनी आहे. परंतु आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावी विनेबेगो कंपनीने १९६६ साली मोटरहोमे बांधण्यास आरंभ केला, आणि मूठभर धनिकांची ही मिजास निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मध्यमवर्गीय दांपत्यांच्याही हळूहळू आटोक्यात येऊ लागली. या फिरत्या घरात निजण्याची, रांधण्याची, स्नानाची सर्व तजवीज असते. पण तीस-पस्तीस फूट लांबीचे हे धूड एकदा मुक्कामाच्या जागी उभे करून त्यास पाण्याची नळी, विजेची तार आणि मैलापाण्याचा पाइप जोडला, म्हणजे मग पावशेर दूध आणावयाचे झाले तरी सारा संसार सोडवून पुन्हा रस्त्यावर आणावा लागतो. म्हणून पुष्कळ मोटरहोमवाले आपल्यामागे एक लहान मोटार जोडून नेतात, आणि मुक्कामी पोहोचल्यावर बाजारहाटीस, दवाखान्यास व आसपासची स्थळे पाहण्यास तिचा उपयोग करतात.

ही लहान मोटार नेण्याचे तीन मार्ग आहेत. संपूर्ण मोटार ट्रेलरवर चढवावी, हा गिअरबॉक्सच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक. पण ट्रेलरचे वजन आणि किंमत दोन्ही भारी, शिवाय मुक्कामाच्या जागी तो रिकामा सांगाडा ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न उरतोच. दुसरा मार्ग म्हणजे पुढची दोन चाके डॉली नावाच्या दोनचाकी गाड्यावर चढवून मागची दोन जमिनीवर फिरू द्यावयाची. इंजिनाची शक्ती पुढच्याच चाकांना मिळणारी मोटार असेल तर ही तोड चांगली, कारण गिअरबॉक्सशी जोडलेली चाके मग रस्त्याला टेकतच नाहीत. तिसरा, आणि मोटरहोमवाल्यांत सर्वाधिक आवडीचा, मार्ग असा की, चारही चाके जमिनीवर ठेवून मोटार एका त्रिकोणी टो-बारने थेट जोडून टाकावयाची. हे काम काही मिनिटांत उरकते आणि वेगळा गाडा सांभाळावा लागत नाही. पण मोटार स्वयंचलित गिअरची असली म्हणजे याच मार्गावर सर्वाधिक घात होतो.

तो का होतो, हे समजून घेण्यासाठी गिअरचा दांडा न्यूट्रलवर आणला असता प्रत्यक्षात काय घडते ते पाहिले पाहिजे. सामान्य समजूत अशी की, न्यूट्रल म्हणजे गिअरबॉक्सची सुट्टी. वस्तुतः सुट्टी मिळते ती इंजिनाला. चाके फिरत असतील तर त्यांच्याशी कायमच्या जोडलेल्या दंडांना व दंतचक्रांना फिरावेच लागते. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने ते चाक मिनिटाला ९०० हून अधिक फेरे करते. आणि चाकाच्या आधीच्या शेवटच्या गिअरचे प्रमाण चारास एक असेल, तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दंड मिनिटाला साडेतीन हजारांहून अधिक वेळा गरगरतो. इंजिन बंद, दांडा न्यूट्रलवर, मोटारीत माणूस नाही, आणि तिच्या पोटात मात्र ही घालमेल दिवसभर चाललेली!

हाताने गिअर बदलण्याच्या पेटीत हा प्रकार बहुधा खपून जातो, कारण तिच्या तळाशी तेल साचलेले असते आणि फिरती दंतचक्रे ते आपणच वर उडवून सर्वत्र शिंपतात. स्वयंचलित गिअरबॉक्सचा कारभार मात्र दाबाखालील तेलावर चालतो. त्या तेलानेच तिचे क्लच आवळले जातात, त्यानेच दंतचक्रांचा संच थंड राहतो, आणि ते तेल फिरवणारा पंप असतो इंजिनाच्या हाती. इंजिन थांबले की पंप थांबला, पंप थांबला की तेल तळाशी जाऊन बसले, आणि मग वरची यंत्रणा, जात्यात दाणे न टाकता पाळूवर पाळू फिरवावी तशी, कोरडीच घासत राहते. याचे पर्यवसान प्रथम उष्णतेत, मग क्लचच्या चकत्या व धारवे जळण्यात आणि अखेर पूर्ण पेटी बदलण्यात होते. यातील दुष्ट भाग असा की, पुढे बसलेल्या चालकास याचा यत्किंचितही सुगावा लागत नाही.

ही स्थिती प्रारंभापासून नव्हती. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये जी हायड्रा-मॅटिक पेटी दिली, तिच्यात इंजिनाकडील पंपाखेरीज मागच्या दंडावर चालणारा दुसरा पंपही होता; चाके फिरली की तेल फिरे, आणि म्हणून बॅटरी उतरलेली स्वयंचलित मोटारसुद्धा त्या काळी धक्का मारून सुरू करता येत असे. साठीच्या दशकात कारखानदारांनी हा मागचा पंप एकामागून एक मॉडेलातून काढून टाकला. खर्चाच्या दृष्टीने त्यांचा निर्णय बिनतोड असेल. परंतु मोटार ओढून नेणाऱ्यांच्या वाट्याला आलेले पुढचे सारे त्रांगडे त्या एका बचतीतून उद्भवले आहे, असे माझे मत आहे.

तरीही काही स्वयंचलित मोटारींना ही मुभा राहिली, आणि त्यांत होंडाचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. होंडाच्या जुन्या स्वयंचलित पेट्या इतरांसारख्या ग्रहमालिका-पद्धतीच्या नव्हत्या; समांतर दंडांवर बसवलेली दंतचक्रे ही त्यांची रचना हाताच्या गिअरबॉक्सच्या घराण्यातली. त्यामुळे २०१४ पर्यंतची सी-आर-व्ही चारही चाकांवर ओढण्यास खुद्द कंपनीने आपल्या पुस्तिकेत अनुमती दिली होती. पण ती सरसकट नव्हती, विधिपूर्वक होती. आधी तेलाची पातळी तपासावयाची, इंजिन सुरू करावयाचे, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सर्व स्थानांतून फिरवावयाचा, मग डी-वर आणून तेथून न्यूट्रलवर न्यावयाचा, इंजिन तीन मिनिटे तसेच चालू ठेवून बंद करावयाचे, हँडब्रेक सोडावयाचा, आणि किल्ली अ‍ॅक्सेसरीच्या खुणेवर राहू द्यावयाची, म्हणजे स्टिअरिंगला कुलूप लागत नाही. रिव्हर्समधून थेट न्यूट्रलवर येऊन मोटार ओढू नये, कारण त्याने पेटीचे भयंकर नुकसान होते, असा इशाराही तेथे आहे. वेगाची मर्यादा ताशी ६५ मैल. आणि एका दिवसात आठ तासांहून अधिक ओढावयाचे असेल तर हा सारा विधी पुन्हा करावयाचा. त्या तीन मिनिटांची थट्टा करणारे लोक भेटतात. पण ज्या दंडांना पुढचे आठ तास शिंतोड्यांवर काढावयाचे आहेत, त्यांना तेवढ्या वेळात तेलाने माखून घेतले जाते, हे ध्यानात घेतले तर थट्टेचे कारण उरत नाही.

जीप रँगलरमध्ये वेगळीच व्यवस्था आहे. तिच्या गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी असते. ती न्यूट्रलवर ठेवली की चाकांची गती मुख्य पेटीपर्यंत पोहोचतच नाही, आणि म्हणून स्वयंचलित गिअरचा दांडा तेथे न्यूट्रलवर न ठेवता पार्कवर ठेवतात. होंडासाठी जे अमृत ते जीपसाठी विष, आणि उलट. म्हणून शेजारच्या मोटरहोमवाल्याचा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी शेवटचा दाखला मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचाच मानावा, आणि तोही आपल्याच वर्षाच्या मॉडेलचा. पुस्तिकेत मज्जाव असताना मोटार ओढली आणि पेटी गेली, तर हमीचा दावा नामंजूर होतो, आणि तो न्यायानेच होतो.

गिअरबॉक्सचा प्रश्न सुटला म्हणजे वजनाचा आणि ब्रेकचा येतो. मोटरहोमच्या हिचची, म्हणजे मागच्या जोडकडीची, क्षमता, टो-बारची क्षमता, आणि मोटरहोम व मोटार मिळून कारखान्याने ठरवून दिलेल्या एकत्रित वजनातून मोटरहोमचे भरले वजन वजा जाता उरणारे वजन, या तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान तोच अंमलात आणावयाचा. पाच हजार पौंडांची हिच लावलेल्या गाडीस दहा हजारांचा टो-बार जोडल्याने काहीएक वाढत नाही. टो-बार शक्य तितका जमिनीशी समांतर हवा. तो तिरपा राहिला तर जोराने ब्रेक मारताना मोटार हिचखाली घुसू पाहते किंवा वर चढू पाहते. ब्रेकच्या बाबतीत तर अनेकांचा फसवा आत्मविश्वास असतो की, दहा टनांच्या घराला एक-सव्वा टनाची मोटार ती काय जड! कोलोरॅडोमध्ये आयझेनहॉवर बोगद्यातून, म्हणजे अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवरून, सिल्व्हरथॉर्नकडे उतरणाऱ्या सात टक्के उतारावर हा आत्मविश्वास पारखून पाहण्यासारखा आहे. मोटरहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरल्या वजनासाठी बेतलेले असतात, मागच्या पाहुण्यासाठी नव्हे. म्हणून मोटारीतच पूरक ब्रेकयंत्र बसवतात, जे पुढच्या चालकाने ब्रेक दाबताच मोटारीचाही ब्रेक दाबते. त्यासोबत एक बारीक तार मोटरहोमला बांधलेली असते. जोडणी तुटून मोटार सुटलीच, तर ती तार खेचली जाऊन मोटारीचे ब्रेक आपोआप लागतात. टो-बारखाली फुलीसारख्या आडव्या घेतलेल्या सुरक्षा-तारा, आणि मोटरहोमच्या इशाऱ्याबरहुकूम पेटणारे मोटारीचे मागचे दिवे, हे तर गृहीतच धरावयाचे.

चारही चाकांवर जोडलेली मोटार घेऊन मागे जाता येत नाही, ही गोष्ट नवख्यांना पेट्रोल पंपावरील अरुंद जागेत शिरल्यावर उमगते. पुढे ओढताना मोटारीची पुढची चाके आपोआप सरळ राहतात, कारण त्यांची बैठकच तशी कललेली असते; मागे ढकलताना तीच चाके एकदम एका बाजूस वळतात, टायर आडवे फरफटतात आणि टो-बार किंवा तो मोटारीला जेथे अडकवतात ती बेसप्लेट वाकते. उपाय एकच, मोटार सोडवावी, दोन्ही वाहने वेगवेगळी बाहेर काढावी आणि पुन्हा जोडावी. जोडल्यानंतर एकाने मोटरहोम अगदी सावकाश पुढे घ्यावी व दुसऱ्याने बाजूला उभे राहून चारही चाके फिरतात की नाही ते पाहावे. हँडब्रेक ओढलेला राहून टायर पेटल्याचे प्रकार याच एका दुर्लक्षाने होतात. किल्ली अ‍ॅक्सेसरीवर राहिल्याने मुक्कामी पोहोचेपर्यंत बॅटरी उतरते, हा आणखी एक सामान्य छळ. म्हणून मोटरहोमकडून मोटारीच्या बॅटरीला एक चार्जिंगची तार देतात, किंवा पुस्तिका सांगेल तेथे एखादा फ्यूज काढून ठेवतात.

कायद्याचा तपशील देशागणिक निराळा. अमेरिकेत मागच्या वाहनाला स्वतंत्र ब्रेक कधी लागतात ते प्रत्येक राज्य ठरवते, आणि तीन हजार पौंड ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी आढळते. ब्रिटनमध्ये टो-बारने जोडलेली मोटार ट्रेलर समजली जाते, आणि तिचे कमाल वजन ७५० किलोंच्या वर असेल तर तिला ब्रेक असणे सक्तीचे आहे. स्पेनमध्ये मात्र बिघडलेले वाहन हलवण्याखेरीज एका मोटारवाहनाने दुसरे ओढणे निषिद्ध आहे, आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या उन्हासाठी तिकडे उतरणाऱ्या ब्रिटिश मोटरहोमवाल्यांना यापायी दंड भरावा लागतो.

आपल्याकडे मोटरहोमे विरळा, पण स्वयंचलित मोटारी झपाट्याने वाढल्या आहेत, आणि द्रुतगती मार्गावर बंद पडलेली अशी मोटार दोर बांधून ओढणारे हितचिंतकही कमी नाहीत. मारुतीने २०१४ साली सेलेरिओत आणलेली स्वस्त स्वयंचलित पद्धत ही मुळात हाताचीच पेटी; फक्त क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्र हलवते. सीव्हीटी (दंतचक्रांऐवजी पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित पेटी) किंवा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व पेटी यांना तेलाने जोडणारा भाग) असलेल्या मोटारींची गोष्ट वेगळी. पुढच्या चाकांनी चालणारी अशी मोटार पुढची चाके उचलूनच न्यावी, आणि सर्वांत बरे म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवावी. गॅरेज चार किलोमीटरवरच आहे म्हणून दोराचा मोह धरू नये.

सीव्हीटीने अमेरिकेतील मोटरहोमवाल्यांचीही पंचाईत केली आहे. २०१५ पासून सी-आर-व्हीत सीव्हीटी आली आणि तिची जुनी अनुमती संपुष्टात आली. आपल्याकडे जॅझ म्हणून आलेल्या होंडाच्याच फिटचेही तेच झाले. विजेवर चालणाऱ्या टेस्लात चाकांशी मोटर कायमची जखडलेली, म्हणून कंपनी ती चाके जमिनीवर ठेवून ओढण्यास साफ नकार देते. ओढण्यास लायक अशा लहान स्वयंचलित मोटारींची यादी दरवर्षी आखूड होत आहे, आणि त्यामुळे २०१४ किंवा त्याआधीची, थोड्या मैलांची, नीट राखलेली सी-आर-व्ही कोठे विक्रीस आहे काय, याची चौकशी मोटरहोमवाले अजूनही करीत असतात.