घडत्या रस्टची रोजची डॉक्स

प्रोग्रामिंगची भाषा अजून घडतेच आहे, मग तिची डॉक्स लिहायची कधी? काम संपल्यावर लिहू म्हटलं, की ती हमखास मागे पडतात. रस्ट भाषेने काढलेला मार्ग मला मनापासून पटतो: डॉक्स कोडपासून वेगळी ठेवायचीच नाहीत.

रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर, तीन स्लॅश देऊन, त्याचं वर्णन लिहिलेलं असतं. 'रस्टडॉक' हे टूल त्या ओळी उचलून वेबपानं तयार करतं. फंक्शन बदलणाऱ्याला वर्णनही त्याच फाइलमध्ये, त्याच बदलात दुरुस्त करता येतं.

आणि तो विसरला तर? वर्णनातली उदाहरणं रस्टडॉक छोट्या प्रोग्रामसारखी कम्पाइल करतं आणि चालवून बघतं. समजा, उदाहरणातल्या 'असर्ट'च्या ओळीनुसार उत्तर ४ यायला हवं आणि नव्या कोडमुळे ५ येतंय. चाचणी नापास होते आणि बदल मुख्य शाखेत जातच नाही. काही उदाहरणं 'असं लिहू नका' हे दाखवण्यासाठी मुद्दाम चुकीची दिलेली असतात. त्यांना तशी खूण केलेली असते. त्यातलं एखादं बिनतक्रार कम्पाइल झालं, तर तीच चूक धरली जाते. उदाहरणाभोवतीचं गद्य मात्र यंत्राला पारखता येत नाही, ते माणसांनीच डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं.

मुख्य शाखेतून रोज 'नाइटली' आवृत्ती निघते, तिच्याबरोबर तिची डॉक्सही. दर ६ आठवड्यांनी नाइटलीतून नवी बीटा निघते आणि आधीची बीटा स्टेबल होते. तिन्हींची डॉक्स वेगवेगळ्या पत्त्यांवर एकाच वेळी वाचायला मिळतात.

इथे वाचकाची फसगत होऊ शकते. पानावर दिसलेलं फंक्शन त्याच्या स्टेबल कम्पायलरवर चालेलच असं नाही, कारण अस्थिर फंक्शनं स्टेबलच्या डॉक्समध्येही दिसतात. म्हणून अशा फंक्शनच्या कोडमध्येच 'अनस्टेबल' ही खूण असते, सोबत त्या फीचरचं नाव आणि बहुतेक वेळा चर्चेचा क्रमांक. त्यावरून पानावर 'फक्त नाइटलीत, प्रायोगिक' अशा अर्थाची सूचना आपोआप उमटते.

फंक्शन स्थिर झालं, की ते कोणत्या आवृत्तीपासून स्थिर आहे तो आकडा पानावर येतो. बदल मंजूर व्हायला वेळ लागला, तर आवृत्ती पुढची होते. त्यामुळे लिहिणारा आकडा घालतच नाही. ठरलेला एक शब्द तिथे ठेवतो, आणि प्रकाशनाच्या तयारीत एक छोटं टूल अशा सगळ्या जागी खरा आकडा भरतं.