चाल तीच, गळाही तोच

किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवर क्लेमेंट 'कॉक्सन' डॉडचा स्टुडिओ वन होता. १९७० मध्ये होरेस हाइंड्स नावाचा एक पोरगेलासा गायक तिथे चाचणीला गेला. आधी जोडीदाराबरोबर गाऊन पाहिलं, डाळ शिजली नाही. मग एकटाच गेला आणि डॉडने त्याला ठेवून घेतलं. आडनाव मात्र बदललं. त्याच्या नात्यातला जस्टिन हाइंड्स जमेकात आधीच नावाजलेला गायक होता; दोन हाइंड्स म्हटल्यावर तुलना ठरलेलीच. बॉब अँडी हा त्या काळातला गाजलेला गीतकार-गायक, त्याचं नाव या मुलाला मिळालं. होरेस अँडी हे नाव असं उसनं आहे. गळा मात्र उसना नव्हता.

उंच पट्टीतला, बारीक आणि सतत थरथरणारा हा आवाज आहे. स्वर लावल्यावर तो त्यावर स्थिर राहत नाही, हलके हलके झुलत राहतो. खाली बास गिटारचा जड ठेका आणि वर हा तलम कंप, अशी त्याच्या गाण्याची बांधणी. दोन ओळी ऐकल्या की गायक कोण ते कळतं.

'स्कायलार्किंग' या गाण्याने त्याला जमेकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. काम न करता टिवल्याबावल्या करत हिंडणाऱ्या तरुणांना या गाण्यात चार गोष्टी सुनावल्या आहेत. सुनावणारा स्वतः तेव्हा जेमतेम विशीचा होता. १९७२ मध्ये त्याच नावाचा त्याचा पहिला अल्बम आला. एवढ्यावर एखादा गायक आयुष्यभर जुन्या पुण्याईवर जगला असता. अँडीच्या बाबतीत वेगळंच घडलं: त्याची जुनी गाणीच पुन्हा पुन्हा नवी होत गेली.

हे समजायला जमेकातला रेगे गाण्यांचा धंदा पाहावा लागतो. तिथे ड्रम आणि बास यांची मूळ चौकट, म्हणजे 'रिडिम', हीच खरी मालमत्ता. एका रिडिमवर दहा गायक दहा गाणी गात; तबकडीच्या मागच्या बाजूला त्याचीच शब्द कमी केलेली 'व्हर्जन' असे, आणि तिच्यावर डीजे आपलं बोलणं चढवत. संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचं नाव छापलेलं असे, तसाच हा मामला. कुणाला त्यात चोरी वाटत नसे. कायदाही आड येत नव्हता. १९९३ पर्यंत तिथे ब्रिटिश अमदानीतला १९११ चा कॉपीराइट कायदाच चालू होता. निर्माता गायकाच्या हातावर ठरावीक रक्कम ठेवी आणि पुढची कमाई स्वतःकडे. म्हणून गायक या निर्मात्याकडून त्या निर्मात्याकडे फिरत राही.

अँडी फिरला तो प्रामुख्याने बनी लीकडे. लीचा स्वतःचा स्टुडिओ नव्हता. वादन एका ठिकाणी भाड्याने मुद्रित करायचं, आवाज आणि मिश्रण किंग टबीच्या छोट्या स्टुडिओत, अशी त्याची पद्धत. ड्रमर सांता डेव्हिसच्या सळसळत्या झांजेवर 'स्कायलार्किंग' पुन्हा गायलं गेलं. 'यू आर माय एंजल', 'मनी मनी', 'झायन गेट' ही गाणीही लीसाठीच झाली.

१९७७ मध्ये अँडी अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्डला गेला. त्याच वर्षी निर्माता एव्हर्टन डासिल्वाबरोबर 'इन द लाइट' आला. पाच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये लॉइड 'बुलवॅकी' बार्न्सकडे 'डान्स हॉल स्टाइल' झाला. त्यात सहाच गाणी, पण प्रत्येक लांबलचक. गाणं संपता संपता त्याचा डब, म्हणजे शब्द कमी करून घडवलेलं वाद्यरूप, सुरू होतो आणि सांधा कळत नाही. सहांपैकी 'मनी मनी' आणि 'लोनली वुमन' ही त्याचीच जुनी गाणी. 'स्पायिंग ग्लास' नवं होतं: 'रास्ता', म्हणजे रास्ताफारी पंथाच्या, माणसाच्या घरावर डोळा ठेवणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल.

१९८५ मध्ये तो लंडनला आला. जमेकात संगणकी वाद्यांची लाट उसळली होती आणि सत्तरीच्या दशकातले अनेक गायक मागे पडत होते. अँडीला पुढची वाट ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडने दिली. रॉबर्ट डेल नाया, ग्रँट मार्शल आणि अँड्र्यू व्हाउल्स हे तिघे रेगेच्या साउंड सिस्टिम संस्कृतीत वाढलेले. १९९१ च्या 'ब्लू लाइन्स'पासून २०१० च्या 'हेलिगोलँड'पर्यंत त्यांच्या पाचही अल्बमांत अँडी आहे. इतर पाहुणे गायक येत-जात राहिले.

इथेही जुनी रीत सुटली नाही. 'स्पायिंग ग्लास' १९९४ मध्ये 'प्रोटेक्शन'वर नव्या कपड्यांत आलं. १९९८ च्या 'मेझनाइन'वर अँडीने जॉन होल्टचं 'मॅन नेक्स्ट डोअर' गायलं. खाली लेड झेपलिनचे ड्रम आणि द क्युअरच्या गाण्याचा तुकडा. याच अल्बमच्या 'एंजल'ची कथा सर्वांत गमतीची. मूळ बेत द क्लॅशचं 'स्ट्रेट टू हेल' गाण्याचा होता. रास्ता असलेला अँडी नरकाचा उच्चार करायला तयार होईना. मग त्याच्याच 'यू आर माय एंजल'चे शब्द गुरगुरणाऱ्या बासवर बसवले गेले. पंचवीसेक वर्षांपूर्वीचं गोड प्रेमगीत एकदम धमकीसारखं वाटू लागलं. आणि पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, 'लिव्हिंग इन द फ्लड' या अँडीच्या अल्बमचं शीर्षकगीत लिहिण्यात द क्लॅशचाच जो स्ट्रमर सहभागी होता.

२०२२ मध्ये, अँडीच्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, लंडनचा निर्माता एड्रियन शेरवुड याने त्याचा 'मिडनाइट रॉकर' हा अल्बम केला. शेरवुडने आवाजाभोवती गर्दी होऊ दिली नाही; कंप वयाने थोडा जाड झालेला ऐकू येतो, पण विरलेला नाही. त्यात स्टुडिओ वनच्या काळातलं 'मिस्टर बॅसी' आहे. 'सेफ फ्रॉम हार्म'ही आहे: 'ब्लू लाइन्स'वर ते शॅरा नेल्सनने गायलं होतं, तीस वर्षांनी अँडीने स्वतःचं केलं. यादीतलं पहिलं गाणं 'धिस मस्ट बी हेल'. मेझनाइनच्या वेळचा हट्ट आठवला की हसू येतं. काही महिन्यांतच याच मुद्रणांतली गाणी मोडून, डब करून, वर डीजेंचं बोलणं चढवून 'मिडनाइट स्कॉर्चर्स' बाजारात आला.