जुळी कोकरे आणि एक जनुक

मांसासाठी पाळलेल्या जनावराचा हिशेब दोन गोष्टींवर चालतो. एका मादीची किती पिल्ले विक्रीच्या वयापर्यंत जगली, आणि त्या वयात त्यांचे वजन किती भरले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांत हा हिशेब अँगस, हेरफर्ड, नेलोर अशा गुरांचा मांडतात आणि कोणता वळू पैदाशीला ठेवायचा हे ठरवताना वंशावळ, वजनाच्या नोंदी आणि डीएनए चाचणी या तिन्हींचा आधार घेतात. यातली ब्राझीलची नेलोर ही मुळात आंध्रातून गेलेली ओंगोल. महाराष्ट्रात १९७६ चा प्राणी रक्षण कायदा आणि त्यातली २०१५ ची दुरुस्ती यांमुळे गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे मांसासाठी गोवंशाची पैदास हा इथला विषयच नाही. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडकडे मांसाचे जनावर म्हणजे बोकड, नाहीतर मेंढा. अशा जनावराची जात जनुकीय चाचणीच्या मदतीने सुधारण्याचे महाराष्ट्रातले ठळक काम झाले ते सातारा जिल्ह्यात, फलटणला.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, १९६८ मध्ये बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. तिच्या पशुसंवर्धन विभागाचे काम डॉ. चंदा निंबकर यांनी उभे केले. त्यांच्यासमोर होती दख्खनी मेंढी. पठारावरच्या कमी पावसाच्या मुलखात, काढणी झालेल्या रानातल्या धसकटांवर आणि माळाच्या गवतावर ही मेंढी निभावून नेते. तिची लोकर काळी, जाडीभरडी, घोंगडीला उत्तम; पण घोंगडीचा खप आटला तशी लोकरीची किंमत इतकी घसरली की कातरणीची मजुरीही सुटेना. शेतात मेंढ्या बसवल्याचे थोडेफार मिळते, बाकी धनगराचा संसार कोकरांच्या विक्रीवर चालतो. आणि दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळे होणे हा अपवाद. चारा वाढवून, औषधपाणी करून यात फारसा फरक पडत नाही, कारण अडचण पोटाची नसून वंशाची आहे.

उपाय सापडला तो बंगालच्या सुंदरबनात. तिथली गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन दहा-पंधरा किलोंच्या घरात; पण जुळी तिला नेहमीची आणि तिळीही होतात. १९९० नंतरच्या दशकात नारीने गरोळ मेंढ्या फलटणला आणल्या आणि दख्खनीशी त्यांचा संकर सुरू केला.

या मेंढीची एक हकिगत पार ऑस्ट्रेलियाशी जोडलेली आहे. तिथल्या न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरुला’ नावाच्या मेंढवाड्यातल्या मेरिनो मेंढ्या अनेक कोकरे देतात म्हणून प्रसिद्ध होत्या. २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांच्या तीन गटांनी स्वतंत्रपणे त्याचे कारण शोधले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एका जागी बदल झालेला असतो. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते. एवढ्याशा फरकाने बीजकोशात एका ऋतुचक्रात एकाऐवजी अधिक बीजे पक्व होतात. या बदलाला ‘फेकबी’ म्हणतात. पुढच्याच वर्षी गरोळमध्येही हाच बदल आढळला. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या जहाजाने गेल्या होत्या. बुरुलाचे जनुक त्यांच्याकडूनच आले असावे, असे मानले जाते.

फेकबीच्या चाचणीला महत्त्व आहे ते नरामुळे. जुळे देण्याचा गुण मेंढीत दिसतो, एडक्यात दिसत नाही. पण कळपात तो झपाट्याने पसरवतो एडकाच. त्याची परीक्षा जुन्या रीतीने घ्यायची तर त्याच्या मुली वाढून विईपर्यंत थांबायचे, म्हणजे दोन-तीन वर्षे गेली. चाचणीने तेच उत्तर कोकराच्या थेंबभर रक्तातून मिळते. रक्तातला डीएनए वेगळा काढतात, जनुकाचा हवा तो लहानसा तुकडा यंत्रात लाखो पटींनी वाढवतात आणि त्यावर एक विकर सोडतात. फेकबीचा बदल असेल तिथेच हे विकर तुकडा कापते. मग जेलमध्ये वीज सोडून तुकडे लांबीप्रमाणे वेगळे केले की पट्टे दिसतात. १९० बेस-जोड्यांच्या लांबीवर एकच पट्टा दिसला तर फेकबीचे जनुक नाही, १६० वर एकच दिसला तर आई आणि बाप दोघांकडून आलेले, आणि दोन्ही पट्टे दिसले तर एकाकडूनच आलेले. दोन्हीकडून जनुक मिळालेल्या एडक्याच्या प्रत्येक कोकरात ते उतरते. एकाकडूनच मिळालेले असेल तर सरासरी निम्म्यांत. फलटणच्या मेंढ्यांच्या अशा चाचण्यांत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सहभागी होती. ऑस्ट्रेलियाचे न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि त्या देशाचे आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्र यांचाही या कामाला हात लागला.

चाचणी हाती आल्यावर खरी कसोटी पैदाशीची होती. गरोळचे जनुक हवे, पण तिचा लहानखुरा बांधा नको. म्हणून संकरातून जनुक उतरलेली जनावरे पुन्हा पुन्हा दख्खनीशी जुळवत गेले. दर पिढीत गरोळचा अंश घटत गेला आणि चाचणीमुळे जनुक मात्र हातचे सुटले नाही. कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचा अंश भरीव अंगासाठी आणि इस्रायलकडच्या अवासी मेंढीचा दुधासाठी घातला. यातून तयार झालेला वाण ‘नारी सुवर्णा’ या नावाने ओळखला जातो.

फलटण परिसरातल्या धनगरांच्या कळपांत फेकबी असलेले एडके सोडून त्यांच्या मुलींच्या वेतांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला सरासरी दीडच्या आसपास कोकरे झाली; नसलेलीला जेमतेम एक. तिळी क्वचितच झाली, आणि ही जमेची बाजू समजायला हवी. बुरुला मेरिनोत तिळी-चौळी होऊन कोकरे मरण्याची तक्रार असते. दख्खनी मेंढीला दोन कोकरे पाजण्यापुरते दूध कसेबसे येते, तिसऱ्याला येणार नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत फेकबीच्या वापरावर सविस्तर चर्चा झाली.

तरी जुळे म्हणजे आपोआप दुप्पट पैसा, असे नाही. जन्मतः जुळ्यांतले प्रत्येक कोकरू एकट्या जन्मलेल्यापेक्षा हलके असते. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा; त्यातले शेवटचे सहा आठवडे मेंढीला खुराक मिळाला नाही तर कोकरे अशक्त निपजतात आणि पान्हाही कमी पडतो. कळप एका गावी राहात असेल तर हे जमवता येते. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या मेंढपाळाला रोजचा मुक्काम नवा असतो. दोन दिवसांच्या दोन कोकरांना सांभाळत मैलोन् मैल चालणे म्हणजे बाईमाणसावर वाढलेले काम. संशोधन यशस्वी झाले, याबद्दल वाद नाही. त्याचा लाभ मात्र चाऱ्यापाण्याची सोय असलेल्या कळपालाच पुरता मिळतो.

रिसोड ज्यात येते त्या वऱ्हाडात चित्र वेगळे आहे. तिथल्या तांबूस अंगाच्या बेरारी शेळीची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. शेजारच्या मराठवाड्यातली उस्मानाबादी शेळीही मांसासाठी नावाजलेली. शेळीला जुळी होणे नवलाचे नाही, त्यामुळे फेकबीसारख्या जनुकाची तिथे निकड नाही. बोकडाला हवे वजन, आणि वजन एका जनुकावर ठरत नाही. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा मिळून ते ठरते. अशा गुणासाठी डीएनएची चाचणी उपयोगी पडायची तर आधी हजारो जनावरांच्या वजनाच्या नोंदी लागतात. त्या नसतील तर प्रयोगशाळेने दिलेल्या आकड्यांचा अर्थ लावणार कशाशी ताडून? ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या चाचण्या विश्वासाच्या ठरल्या त्या मागच्या अनेक दशकांच्या वहीखात्यामुळेच.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. सणाला सर्वांत चांगला भाव मिळतो म्हणून सर्वांत जोमदार बोकड आधी विकला जातो आणि मागे उरलेला कळपात फिरत राहतो. तोही बहुधा त्याच कळपातला, म्हणजे बहिणींवर आणि आईवर जाणारा. यात दरवर्षी जात थोडी थोडी खालावते, आणि त्यावर कोणत्याही चाचणीचा इलाज चालत नाही.

रिसोड तालुक्यातल्या शेळीपालकाने सुरुवात करायची तर ती स्वस्तात होते. पिल्लाच्या कानाला बिल्ला, जन्माच्या दिवशीचे आणि तीन महिन्यांचे वजन, आई-बापाचा क्रमांक, एवढे वहीत लिहावे. पैदाशीचा बोकड दुसऱ्या गावातून, जुळ्यांतला आणि वजनदार असा निवडावा, आणि दोन वर्षांनी बदलावा.