आवाज भरून ठेवणारी यंत्रं

पितळी कर्ण्याचा फोनो दिवाणखान्यात शोभेला ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. मुंबईच्या चोरबाजारातून असे फोनो लोक हौसेने आणतात. व्हॉल्व्हचा जुना रेडिओही हल्ली पुसून-पासून कोपऱ्यात मांडतात. टेपरेकॉर्डरच्या वाट्याला हा मान आलेला नाही. तो माळ्यावर जातो, तिथून भंगारवाल्याकडे, आणि त्याच्याबरोबर बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटही जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. फोनोने आणि रेडिओने आपल्याला ऐकायला दिलं, पण सर्वसामान्य मराठी घरातला आवाज ज्यात भरून ठेवता येत होता, असं पहिलं यंत्र टेपरेकॉर्डर हेच होतं.

फोनोचा काळ आठवून पाहा. 78 फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं, चावी भरायची, दर बाजूला पोलादी सुई बदलायची. 1928पासून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात एचएमव्हीच्या तबकड्या निघत होत्या. जी. एन. जोशींनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला गायलेली भावगीतं त्या सव्वातीन मिनिटांत नेमकी बसली. मुखडा आणि दोन-तीन अंतरे हा आपल्या भावगीताचा ओळखीचा घाट घडवण्यात तबकडीचा मोठा हात आहे. पण काय भरायचं, कुणाचं भरायचं, हे कंपनी ठरवायची. रेडिओचंही तेच. 1 एप्रिल 1955पासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ वर्षभर चाललं, गदिमा आणि बाबूजींची 56 गाणी घराघरांत पोचली, लोक रेडिओला हार घालत. तरीही एखादं गाणं पुन्हा कधी ऐकायचं, हे ऐकणाऱ्याच्या हातात नव्हतं.

ते त्याच्या हातात आणलं फिलिप्सच्या लू ऑटन्स या अभियंत्याने. बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथे त्याच्या चमूने कॅसेट तयार केली आणि 1963च्या ऑगस्टअखेरीस बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती मांडली. यंत्र कोटाच्या खिशात मावायला हवं म्हणून ऑटन्सने आधी त्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला होता. फीत 3.81 मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. एवढ्या अरुंद फितीवर, एवढ्या मंद वेगाने उत्तम संगीत बसेल अशी तेव्हा कुणाची अपेक्षा नव्हती. ती होती बोलणं टिपण्यासाठी. पुढे फिलिप्सने दुसऱ्या कंपन्यांना मोबदला न घेता ती बनवू दिली, म्हणून जगभर एकच माप झालं. जपानी डेकमध्ये दिल्लीची कॅसेट चालली, ती यामुळे.

आपल्याकडे तिचा खरा सुकाळ झाला 1980च्या दशकात. आखातात नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन येत. रेडिओ आणि टेप एकाच खोक्यात, वर कडी, पुढे दोन स्पीकर, आणि लाल ठिपक्याचं रेकॉर्डचं बटण. त्या बटणाने घरातली बरीच माणसं पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून दचकली. लिहिता न येणाऱ्यांना परदेशातल्या मुलाशी बोलायची सोय झाली: कॅसेट भरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायची. बारशाची गाणी, आजीचं हरिपाठाचं पठण, गणपतीतल्या आरत्या, गावच्या भजनी मंडळाचा शनिवार, सगळं भरलं गेलं. कॅसेटची मागची प्लास्टिकची टिकली मोडली की तिच्यावर पुन्हा भरता येत नसे. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा येई. कोणती टिकली मोडलेली आहे, यावरून त्या घराने काय जपायचं ठरवलं होतं ते आजही कळतं.

गाणी भरून देणारी दुकानं हा त्याच काळातला एक उद्योग. वहीच्या कागदावर यादी लिहून न्यायची, दुकानदार सांगायचा, “साठची घेतलीत तर बारा-तेराच बसतील, नव्वदची घ्या.” बाजू संपताना गाणं तुटू नये म्हणून तो क्रम बदलून द्यायचा. कायद्याने हे बसत नव्हतं, हे खरं. पण ज्यांना दहा एलपी घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं, त्यांच्या हाती निवड आली ती या दुकानांमुळे. पुढे गुलशनकुमारांच्या टी-सीरिजने कॅसेट इतक्या स्वस्त केल्या की त्या किराणा दुकानात आणि पानपट्टीवर मिळू लागल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर 1993मध्ये ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातली गोष्ट तितकीच मोठी आहे. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचे आवाज, भीमगीतं, वेसाव्याची कोळीगीतं गावोगाव पोचली ती प्रामुख्याने कॅसेटवरून. कॅसेटला भांडवल कमी लागत होतं, म्हणून वस्तीतला गायकही बाजारात आला. दुसऱ्या टोकाला पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गाणं कॅसेटवर आणलं. तासाभराचा राग बाजू उलटण्यापुरताच थांबत होता.

आवाज भरण्याच्या या सोयीचं सर्वांत मोठं फळ मात्र बाजारात दिसलं नाही. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्या बायांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लिहून घेतलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. 1990च्या दशकात बर्नार बेल या संगीतज्ञ-संगणकतज्ञाच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. आज त्या ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली. फितीवर उतरल्या नसत्या तर या बायांच्या ओव्यांचे शब्द कागदावर उरले असते, पण चाल, श्वास आणि मधलं हसणं गेलं असतं.

आता गाडीकडे वळू. गाडीत गाणं नेण्याची खटपट जुनी आहे. 1956मध्ये क्रायस्लरने गाडीत चक्क तबकडी वाजवून पाहिली, ती फार टिकली नाही. फिलिप्सने 1968मध्ये गाडीसाठी कॅसेट प्लेअर काढला आणि प्रश्न सुटला. आपल्याकडे अँबॅसिडर, पद्मिनी, मारुती 800 घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण डेक बाहेरून बसवून घेत. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊचे अंडाकृती स्पीकर, आणि चोरीच्या भीतीने रात्री काढून घरात न्यायचा कडीचा डेक. पाहुण्यांकडे जेवायला गेलेला माणूस हातात डेक घेऊन जिना चढतो आहे, हे दृश्य त्या काळी कुणाला विचित्र वाटत नसे.

गाडीतल्या टेपचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की ती सगळ्यांना एकत्र ऐकावी लागे. घाट चढताना रेडिओ खरखरायचा, कॅसेट मात्र चालू राहायची. डॅशबोर्डच्या कप्प्यात पाच-सहा कॅसेट, त्यांतल्या दोन उन्हाने वाकलेल्या. ऑटो-रिव्हर्सचा डेक असला तर खटकन बाजू बदलायची आणि तीच गाणी कोल्हापूरपर्यंत फिरत राहायची. साताऱ्या-सांगलीकडच्या वडाप जीपमध्ये तर ड्रायव्हरची आवड हीच सगळ्यांची आवड. कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, एसटी चुकलेला मास्तर, सगळे दाटीवाटीने बसून एकच गाणं ऐकत. अनेकांना लावणी आणि कव्वाली तिथेच भेटली, कारण घरी ती कुणी लावली नसती. आज एकाच गाडीत चार माणसं चार वेगळी गाणी कानात घालून बसतात. त्यात सोय आहे, पण नावडतं गाणं चार वेळा कानावर पडून आवडायला लागण्याची वाट बंद झाली आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023पासून रस्त्यावरून गेल्या. त्यांच्याबरोबर टॅक्सीवाल्यांनी हौसेने बसवलेले डेकही गेले.

या हळहळीचा बाजारही झाला आहे. सारेगामाने 2017मध्ये जुन्या ट्रान्झिस्टरच्या घाटाचा ‘कारवां’ काढला, पाच हजार गाणी आत भरून. त्याची मराठी आवृत्तीही आली आणि ती पुष्कळ आजी-आजोबांच्या उशाशी आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बोटांना ओळखीची बटणं मिळाली, हे चांगलंच झालं. एलपी पुन्हा महागड्या दुकानांत आल्या, हेही ठीक. ही सगळी गाणी कंपन्यांच्या भांडारात सुखरूप आहेत. आजीचा हरिपाठ मात्र त्या एकाच कॅसेटवर आहे, आणि ती वाजवणारं यंत्र दरवर्षी दुर्मिळ होत चाललं आहे.

बंद पडलेला डेक बहुधा मेलेला नसतो. रबरी बेल्ट सैल पडतो किंवा चिकट डांबरासारखा विरघळतो. फीत ओढणारा छोटा रोलर कडक होतो. हे सुटे भाग अजून मिळतात. एका जुन्या कारागिराला हे काम करताना मी जवळून पाहिलं आहे. त्याने स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसलं तेव्हा बोळा तपकिरी झाला: फितीवरच्या लोहाच्या ऑक्साइडची ती भुकटी. मग एक भजनाची कॅसेट लावून त्याने हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा, केसभर फिरवला. तोवर कांबळ्याआडून आल्यासारखा वाटणारा आवाज उघडला, टाळ वाजायला लागले आणि ‘श’ आणि ‘स’ वेगवेगळे ऐकू आले. हेडची खाच फितीशी काटकोनात नसली की आधी हे बारीक, उंच स्वर जातात. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचं हेड तिरकं असेल, तर वाजवणाऱ्या डेकचंही त्या कॅसेटपुरतं तितकंच तिरकं करावं लागतं.

वेगाचंही तसंच. डेक सहा टक्के जास्त वेगाने फिरला की गाणं अर्ध्या स्वराने चढतं. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं आणि गायकाचा आवाज बारीक होतो. घरात पेटी असेल, तिची पट्टी माहीत असेल, तर तिच्याशी ताडून वेग दुरुस्त करता येतो. विजेवर भरलेल्या टेपमध्ये मागे बारीक गुणगुण असते, ती आपल्याकडच्या वीजप्रवाहाची, सेकंदाला 50 आवर्तनांची. जाणकार तिच्यावरूनही मूळ वेग काढतात.

मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने 1990पासून तबकड्यांसाठी जे केलं, ते घरगुती कॅसेटसाठी घरच्यांनाच करावं लागेल. छापील चित्र असलेल्या सिनेमाच्या कॅसेट बाजूला ठेवा. हाताने नाव लिहिलेल्या आधी काढा. पांढरी बुरशी दिसली तर डेकमध्ये घालू नका, ती जाणकाराकडे न्या. मागच्या दोन्ही टिकल्या मोडलेल्या नसतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, मग संगणकाला तार जोडून पूर्ण बाजू न थांबता उतरवा. मूळ प्रतीत खरखर साफ करू नका, साफसफाई दुसऱ्या प्रतीत करा. आणि उतरवताना घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, हातात वही घ्या, कितव्या मिनिटाला कोण बोलतंय, मागे पेटीवर कोण आहे आणि मध्येच रडणारं बाळ कोणाचं, हे त्यांना विचारून लिहून काढा.