खिरापत आणि मजुरी

मजुरीची बोलणी करण्यात आमचे आयुष्य गेले. पण मुलांच्या हातकामाला दर लावणे आम्हांला मंजूर नाही. १९७३ साली अमेरिकेतील लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना बक्षीस आधी कबूल केले, काहींना अवचित दिले, काहींना दिलेच नाही. पुढे कबुलीवाली मुलेच आपण होऊन चित्रांत कमी रमली. (कामगाराला मात्र दर आधीच ठरलेला हवा!) आपल्या खानदेशच्या गुलाबाईत खिरापत असते, पण झाकलेल्या डब्यात, गाणी झाल्यावर डबा हलवून ओळखायची. पोळ्याला पोर मातीचा बैल करू लागले, तर आधी पैसा दाखवू नका. शिंगे सुकताना तडकली कशी नाहीत, ते त्याला विचारा. मग गुळाचा खडा द्या.