सशांची जोडी

मुलांनो, ससा तुम्हां सर्वांना आवडतो. उर्दूत आपण त्याला खरगोश म्हणतो. पांढराशुभ्र, मऊ ससा पाहिला की तो घरी आणावासा वाटतो. पण पाळीव ससा एकटा राहू शकत नाही. तो उदास होतो, नीट खात नाही, पिंजऱ्याच्या जाळ्या चावत बसतो. म्हणून ससे दोन असावेत.

हे मला माहीत होते. दोघांना एकत्र कसे ठेवावे, हे मात्र माहीत नव्हते. माझ्या मुलीकडे एक ससा होता. त्याला सोबत हवी म्हणून मी बाजारातून दुसरा आणला आणि संध्याकाळी सरळ त्याच पिंजऱ्यात सोडला. सकाळी पाहतो तर पिंजराभर केस पडलेले आणि नव्या सशाचा कान फाटलेला! मुलगी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दोन्ही ससे नर होते. आणताना मी ते पाहिलेही नव्हते.

ससे एकमेकांना वासावरून ओळखतात. सशाच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. तो हनुवटी पिंजऱ्याला, भांड्याला घासतो. 'हे घर माझे आहे' असे जणू तो सांगतो. तेथे परका वास आला की तो चवताळतो. युरोप-अमेरिकेत उंदरासारखा जर्बिल नावाचा प्राणी पाळतात. त्याचेही असेच असते. म्हणून लोक पिंजऱ्यात मधोमध जाळी बसवतात, एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा जर्बिल ठेवतात. रोज त्यांच्या जागा बदलतात. वास ओळखीचा झाला की मग जाळी काढतात.

सशांचे पिंजरेही असेच दोन-तीन आठवडे शेजारी ठेवावेत. एकाचे अंथरलेले गवत दुसऱ्याला द्यावे. मग दोघांनाही नवीन अशा जागी, पडवीत वगैरे, दहा मिनिटे सोडावे. जवळ मोठे माणूस हवेच. एकाने दुसऱ्याचे डोके चाटले की मैत्री झाली असे समजावे.

सर्वांत सोपे म्हणजे एकाच वेताच्या, दोन महिन्यांच्या दोन बहिणी आणणे. डोळे चमकदार, नाक कोरडे आणि दात सरळ आहेत ना, ते पाहावे. नर व मादी एकत्र ठेवले तर ३१ दिवसांत पाच-सहा पिले होतात आणि मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. एवढ्या पिलांना जागा कोठून आणणार?

आमच्या पुणतांब्याकडे घास भरपूर पिकतो. मुले सशाला दिवसभर तोच चारतात. त्याने पोट बिघडते. घास थोडा आणि सुके गवत जास्त द्यावे. सशाला घाम येत नाही. तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो. म्हणून उन्हाळ्यात पिंजरा सावलीत ठेवून त्यावर ओले पोते टाकावे. सशाला कान धरून कधीही उचलू नये.

ऊसतोडीच्या वेळी शेतात रानसशाची पिले दिसतात. ती मात्र घरी आणू नका. त्यांची आई दूध पाजायला थोडाच वेळ येते, पण येते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानससा पकडणे हा गुन्हा आहे.

आमचे दोन नर एका पिंजऱ्यात काही राहिले नाहीत. त्यांचे पिंजरे आम्ही जाळीला जाळी लावून ठेवले आहेत. दुपारी दोघेही त्या जाळीला पाठ टेकून झोपतात.